संगणक सुरू, पडदा मात्र काळा : बिघाड शोधावा कसा?

बटण दाबताच डब्यातील पंखे घोंघावू लागतात, समोरचा दिवा पेटतो. पण मॉनिटरवर काहीच उमटत नाही. ना कंपनीचे बोधचिन्ह, ना एखादे अक्षर. घरोघरी कधी ना कधी उद्भवणारा हा प्रसंग बहुधा नेमक्या अडचणीच्या वेळीच ओढवतो. कुणाचा प्रकल्प दुसऱ्या दिवशी सादर करायचा असतो, कुणाच्या गृहनिर्माण संस्थेचा वर्षभराचा हिशेब त्याच यंत्रात असतो, तर कुणाची मुलांच्या बारशापासूनची छायाचित्रे अन्यत्र कुठेही साठवलेली नसतात. मग घाईघाईने डबा उचलून दुकानात नेला जातो आणि तेथे अनेकदा दोहोंपैकी एक निदान ऐकायला मिळते. एक तर ‘मदरबोर्ड गेला’, नाही तर ‘फॉरमॅट करावा लागेल’.

यातील पहिले निदान खरे असू शकते. मात्र ते सर्वांत शेवटी करायचे असते. दुसरे निदान या लक्षणाशी जुळतच नाही. फॉरमॅट करणे म्हणजे हार्ड डिस्कवरील मजकूर पुसून टाकणे आणि त्यानंतर विंडोज नव्याने बसवणे. पडद्यावर पहिले अक्षर उमटण्यापूर्वीच जो संगणक अडखळला, तो विंडोजपर्यंत पोहोचलेलाच नसतो. त्याचा आजार विंडोजमध्ये नाही, त्यामुळे विंडोज बदलून तो बरा होणार नाही. याच कारणामुळे डिस्कवर साठवलेली माहितीही बहुतेक वेळा शाबूत असते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तरी पुष्कळ नुकसान टळू शकते. उरलेले काम क्रमाने जाण्याचे आहे. तो क्रम समजून घ्यायचा, तर बटण दाबल्यावर पहिल्या काही सेकंदांत काय घडते हे जाणून घ्यावे लागेल.

पहिल्या काही सेकंदांत

बटण दाबताच वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास एसएमपीएस म्हणतात तो, घरातील २३० व्होल्ट विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या प्रवाहात रूपांतर करू लागतो. हे तिन्ही दाब स्थिरावले की तो मदरबोर्डला ‘वीज ठीक आहे’ असा एक संकेत पाठवतो. एटीएक्स या प्रचलित मानकानुसार हा संकेत सेकंदाच्या एकदशांश ते निम्म्या भागाएवढ्या अवधीत यावा लागतो. तो येईपर्यंत प्रोसेसरला थोपवून धरलेले असते.

संकेत मिळताच प्रोसेसर मदरबोर्डवरील एका लहानशा चिपकडे वळतो. तिच्यात बायोस हा प्रारंभिक कार्यक्रम कायमचा साठवलेला असतो. बायोस हे नाव १९७५ मधील ‘सीपी/एम’ या प्रणालीपासून चालत आले. ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीमुळे ते सर्वतोमुखी झाले. गेल्या काही वर्षांत त्याची जागा ‘यूईएफआय’ या नव्या रचनेने घेतली असली, तरी बोलण्यात बायोस हाच शब्द टिकून आहे. हा कार्यक्रम सर्वप्रथम यंत्राची झडती घेतो. या झडतीला ‘पोस्ट’, म्हणजे वीज सुरू होताच होणारी स्वयंचाचणी, असे म्हणतात. आधी प्रोसेसर, मग स्मृती म्हणजे रॅम, मग चित्र दाखवणारी ग्राफिक्सची यंत्रणा, त्यानंतर कळफलक आणि साठवणुकीची साधने, असा तिचा साधारण क्रम असतो. ग्राफिक्सची पायरी ओलांडल्यावरच पडद्यावर काही उमटू शकते. विंडोजची पाळी या सगळ्यानंतर येते.

काळ्या पडद्याचा अर्थ या क्रमातून स्पष्ट होतो. दोष एक तर मॉनिटर व त्याच्या केबलमध्ये आहे, किंवा वीज, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम व ग्राफिक्स या पाचांपैकी कशात तरी आहे. संशयितांची यादी एवढीच आहे. सर्वांत सोप्या व बिनखर्चाच्या संशयितापासून सुरुवात करावी आणि एका वेळी एकच बदल करून पाहावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुरू झाला, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. केलेला प्रत्येक बदल कागदावर टिपून ठेवावा.

आधी मॉनिटर

येथे एका रूढ गैरसमजाचा उल्लेख करायला हवा. आपल्याकडे संपूर्ण डब्यालाच ‘सीपीयू’ म्हटले जाते. प्रत्यक्षात सीपीयू म्हणजे डब्यातील प्रोसेसर ही एकच चिप होय. ‘सीपीयू बिघडला’ या वाक्याचा दुकानदाराने भलताच अर्थ घेऊ नये, यासाठी हा फरक ध्यानात असावा.

मॉनिटरची परीक्षा सोपी आहे. त्याची केबल डब्यापासून सोडवावी आणि मॉनिटर सुरू करावा. ‘नो सिग्नल’ किंवा तत्सम संदेश पडद्यावर तरंगू लागला, तर मॉनिटर जिवंत आहे असे समजावे. संदेशही नाही आणि मॉनिटरचा स्वतःचा दिवाही नाही, तर दोष तेथेच किंवा त्याच्या वीजतारेत आहे. मॉनिटरला एकाहून अधिक जोडण्या असतील, तर त्याच्या मेनूमध्ये योग्य जोडणी निवडली आहे ना, हेही पाहावे. केबल एचडीएमआयची आणि मेनूत निवड व्हीजीएची, एवढ्याशा चुकीपायी डबे दुकानात जाऊन येतात. शक्य असल्यास दुसरी केबल लावून पाहावी. घरातील टीव्हीला एचडीएमआय असेल, तर संगणक त्याला जोडूनही खात्री करता येते.

सर्वाधिक फसगत होते ती डब्याच्या मागील बाजूस. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेल्या संगणकाला चित्र बाहेर पडण्याच्या दोन जागा असू शकतात. एक मदरबोर्डची, उभ्या डब्यात वरच्या भागात असणारी. दुसरी कार्डाची, तिच्या खाली आडवी असणारी. कार्ड असताना केबल कार्डालाच जोडायची असते. दिवाळीच्या साफसफाईनंतर तारा पुन्हा जोडताना ती चुकून मदरबोर्डला लागते आणि चालता संगणक ‘बिघडतो’.

आणखी एक खूण उपयोगी आहे. संगणक सुरू करून मिनिटभर थांबावे व कळफलकावरील ‘नम लॉक’ची कळ दाबावी. तिचा दिवा कळीगणिक लागत-विझत असेल, किंवा विंडोज सुरू होतानाचा ओळखीचा आवाज ऐकू आला, तर संगणकाने स्वयंचाचणी बहुधा पार केली आहे. अशा वेळी डबा उघडण्यापूर्वी मॉनिटर, केबल व जोडणी यांचाच पुन्हा विचार करावा.

पंखा फिरतो म्हणजे वीज ठीक आहे?

‘पंखे फिरतात, म्हणजे वीजपुरवठा ठणठणीत’ हा तर्क सर्रास केला जातो आणि तो फसवा आहे. पंख्याला केवळ १२ व्होल्टचा दाब पुरतो आणि तो थोडा घसरला तरी पंखा फिरत राहतो. मदरबोर्डला मात्र तिन्ही दाब मर्यादेत लागतात. मानकानुसार या प्रमुख दाबांत पाच टक्क्यांपर्यंतच चढउतार चालतो; म्हणजे १२ व्होल्टच्या जागी ११.४ पेक्षा कमी किंवा १२.६ पेक्षा जास्त दाब असू नये. मल्टिमीटर हाताळता येणारा तंत्रज्ञ हे पाच मिनिटांत तपासू शकतो. दुसरा चांगला एसएमपीएस तात्पुरता जोडून पाहणे हा त्याहून सरळ मार्ग होय.

लक्षणांवरूनही बराच अंदाज येतो. बटण दाबल्यावर काहीच हालचाल नसेल, तर भिंतीवरील सॉकेट, विजेची तार, एसएमपीएसच्या मागील खटका आणि डब्याचे पुढचे बटण या क्रमाने पाहावे. पंखे क्षणभर फिरून थांबत असतील, तर कुठे तरी शॉर्ट सर्किट असण्याची आणि एसएमपीएसने स्वतःहून पुरवठा तोडल्याची शक्यता असते. पंखे अखंड फिरतात, पण बाकी सारे शांत आहे, असे असेल तर प्रोसेसरचा वेगळा वीजपुरवठा पाहावा. मदरबोर्डला २४ पिनांची मोठी जोडणी असते हे अनेकांना ठाऊक असते. प्रोसेसरजवळ ४ किंवा ८ पिनांची आणखी एक १२ व्होल्टची जोडणी असते, ती विसरली जाते. ती सुटली, तर पंखे फिरतील, पण प्रोसेसर जागा होणार नाही.

जुन्या एसएमपीएसच्या पाठीवर ११५ आणि २३० असे आकडे असलेला लाल खटका असे. आपल्याकडे तो २३० वरच असला पाहिजे. तो ११५ वर सरकवून वीज सुरू केल्यास एसएमपीएस निकामी होतो. एसएमपीएस मात्र घरी कधीही उघडू नये. तार काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक भार शिल्लक राहू शकतो.

डबा उघडण्यापूर्वी

यापुढील तपासणी डबा उघडून करायची आहे. केवळ संगणक बंद करणे त्यासाठी पुरेसे नाही. तार जोडलेली असताना बंद संगणकाच्या मदरबोर्डवरही ५ व्होल्टचा एक प्रवाह सदैव खेळत असतो आणि त्या अवस्थेत रॅम काढल्यास ती जळू शकते. म्हणून वीजतार पूर्णपणे काढावी, डब्याचे बटण काही सेकंद दाबून उरलासुरला भार संपवावा आणि मदरबोर्डवर एखादा लहान दिवा लागलेला असेल, तर तो विझेपर्यंत थांबावे. आतील भागांना हात लावण्यापूर्वी डब्याच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युतभार निघून जातो. काम गालिचावर करू नये. लाकडी टेबल उत्तम.

आवाजाची भाषा

स्वयंचाचणीत ग्राफिक्सच्या आधीच एखादा दोष आढळला, तर तो पडद्यावर सांगण्याची सोय नसते. त्यासाठी पहिल्या पीसीपासूनच आवाजाचा मार्ग योजण्यात आला. मदरबोर्डला जोडलेला लहानसा भोंगा ठरावीक संख्येने ‘बीप’ वाजवून दोष सांगतो. मूळ आयबीएम पीसीमध्ये एकच आखूड बीप म्हणजे सारे ठीक असा अर्थ होता.

मात्र ही भाषा सर्वत्र सारखी नाही. ‘अवॉर्ड’ बायोसमध्ये एक लांब व दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्समध्ये दोष. ‘एएमआय’ बायोसच्या जुन्या यादीत तीन आखूड बीप रॅमकडे आणि आठ आखूड बीप ग्राफिक्सच्या स्मृतीकडे बोट दाखवतात. ‘फिनिक्स’मध्ये बीपांचे गट मोजावे लागतात. त्यामुळे आवाज मोजून लिहून घ्यावा आणि त्याचा अर्थ आपल्या मदरबोर्डच्या पुस्तिकेतच शोधावा. पुस्तिका हरवली असेल, तर मदरबोर्डवर छापलेला मॉडेल क्रमांक टिपून घेऊन ती उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावरून घेता येते.

अलीकडच्या कित्येक डब्यांत हा भोंगाच नसतो. तो वेगळा विकत मिळतो, किंमत किरकोळ असते आणि मदरबोर्डवरील चार पिनांच्या जागी तो सहज बसतो. त्याऐवजी नव्या अनेक मदरबोर्डवर चार लहान दिवे असतात. त्यांच्या शेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे शब्द छापलेले असतात. चाचणी ज्या टप्प्यावर अडते, त्याचा दिवा लागून राहतो. महागड्या मदरबोर्डवर दोन अंकी सांकेतिक आकडा दाखवणारी पट्टीही असते. काळा पडदा पाहून हताश होण्यापूर्वी डब्याचे झाकण काढून या दिव्यांकडे पाहावे. निम्मे निदान तेथेच होऊन जाते.

रॅम : पहिला संशयित

पडदा काळा राहण्यामागे वारंवार आढळणारे आणि घरच्या घरी दूर होऊ शकणारे कारण म्हणजे रॅमची सैल किंवा मळलेली जोडणी. मुंबई-कोकणातील दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात दीर्घकाळ बंद राहिलेल्या संगणकात, धूळ आणि ओलावा यांचा थर रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर व खाचेतील पिनांवर बसतो. डबा एका घरातून दुसऱ्या घरी नेतानाही रॅम किंचित हलू शकते. ती किंचित हलणे पुरेसे असते.

खाचेच्या टोकाची चाप उघडून रॅम सरळ वर काढावी. तिच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या, मऊ कापडाने पुसाव्यात. दुरुस्तीच्या दुकानांत पेन्सिलीचे खोडरबर हलक्या हाताने फिरवण्याची पद्धत आहे. तिचा उपयोग होतो. मात्र रबराचा भुगा खाचेत पडू देऊ नये आणि घासण्याचा अतिरेक करू नये, कारण सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेला कापूस अधिक चांगला. तो पूर्ण वाळल्यावरच रॅम बसवावी. रॅमची खाच व मदरबोर्डवरील उंचवटा जुळवून दोन्ही टोके ‘टक’ असा आवाज होईपर्यंत दाबावीत.

रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर एका वेळी एकच लावून संगणक सुरू करावा. प्रत्येक पट्टी प्रत्येक खाचेत तपासावी. पट्टी चांगली पण खाच खराब, असेही आढळते. चार खाचांच्या मदरबोर्डवर एकच पट्टी असल्यास बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेची शिफारस केलेली असते. पुस्तिकेत ते स्पष्ट दिलेले असते.

भोंगा जोडलेला असेल, तर आणखी एक कसोटी घेता येते. सर्व रॅम काढून संगणक सुरू करावा. रॅम नसल्याची तक्रार करणारे बीप वाजू लागले, तर प्रोसेसर, मदरबोर्ड आणि बायोस निदान तक्रार करण्याइतके तरी जिवंत आहेत, असा त्याचा अर्थ होतो. ‘मदरबोर्ड गेला’ हे निदान अशा वेळी लगेच मान्य करण्याचे कारण नाही. उलट संपूर्ण शांतता असेल, तर संशय वीज, प्रोसेसर किंवा मदरबोर्ड यांच्याकडे सरकतो.

नव्या संगणकांच्या बाबतीत थोडा धीर धरायला हवा. डीडीआर ५ प्रकारची रॅम असलेला संगणक पहिल्यांदा सुरू करताना, किंवा रॅम बदलल्यानंतर, मदरबोर्ड तिच्या वेगाशी जुळवून घेतो. या काळात पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. तो बिघाड नव्हे. अशा वेळी घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबल्यास ही प्रक्रिया दर वेळी नव्याने सुरू होते.

ग्राफिक्स कार्ड

रॅमनंतर पाळी ग्राफिक्स कार्डाची. जड कार्ड स्वतःच्या वजनाने खाचेतून थोडे सुटते. स्क्रू काढून, खाचेची चाप दाबून ते बाहेर काढावे व पुन्हा घट्ट बसवावे. मोठ्या कार्डांना एसएमपीएसकडून स्वतंत्र ६ किंवा ८ पिनांची वीज लागते. ती जोडलेली आहे ना हे पाहावे.

प्रोसेसरमध्येच चित्र दाखवण्याची सोय असेल, तर कार्ड पूर्णपणे काढून केबल मदरबोर्डला जोडावी. चित्र आले, तर दोष कार्डात. मात्र ही सोय प्रत्येक प्रोसेसरमध्ये नसते. इंटेलच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात ती नसते. एएमडीच्या २०१७ पासून आलेल्या एएम ४ पिढीतील रायझेन प्रोसेसरांपैकी बहुतेकांत ती नाही. ‘जी’ अक्षर असलेले त्याला अपवाद आहेत. अशा संगणकात कार्डाविना मदरबोर्डच्या जोडणीतून चित्र कधीच येणार नाही. त्यावरून मदरबोर्ड निकामी ठरवला, तर तो अन्याय होईल.

नाण्याएवढा सेल

मदरबोर्डवर नाण्यासारखा एक गोल सेल दिसतो. त्यावर बहुधा ‘सीआर २०३२’ असे लिहिलेले असते आणि त्याचा दाब ३ व्होल्ट असतो. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे आणि जुन्या यंत्रांत बायोसमधील निवडी लक्षात ठेवणे, हे त्याचे काम. सेल संपत आल्याची खूण म्हणजे दर वेळी तारीख मागे जाणे. केवळ संपलेल्या सेलमुळे पडदा काळा राहण्याचे प्रसंग तुलनेने कमी असतात. पण बायोसमधील चुकीच्या निवडीमुळे, उदाहरणार्थ रॅमचा वेग अवाजवी वाढवल्यामुळे, संगणक अडू शकतो.

अशा वेळी त्या निवडी पुसून मूळ स्थिती आणता येते. वीजतार काढून सेल पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवावा, किंवा पुस्तिकेत ‘क्लिअर सीमॉस’ म्हणून दाखवलेल्या दोन पिना क्षणभर जोडाव्यात. यामुळे हार्ड डिस्कवरील एकही फाइल पुसली जात नाही.

तथापि एक सावधगिरी बाळगावी. विंडोज ११ असलेल्या अनेक संगणकांत डिस्कवरील माहिती ‘बिटलॉकर’ पद्धतीने कुलूपबंद असते आणि बायोसच्या निवडी किंवा मदरबोर्ड बदलल्यावर विंडोज ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागू शकते. हा क्रमांक बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेला असतो. दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून तो आधीच उतरवून घ्यावा. तो हरवला, तर माहिती जागेवर असूनही हाती लागत नाही.

कमीत कमी भागांनिशी

एवढ्यानेही चित्र न उमटल्यास तंत्रज्ञ ज्या पद्धतीचा अवलंब करतात, ती वापरावी. मदरबोर्ड, प्रोसेसर व त्याचा पंखा, रॅमची एक पट्टी, एसएमपीएस आणि चित्रासाठी लागणारी जोडणी एवढेच ठेवावे. हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, जादा कार्डे, यूएसबीला लावलेले प्रिंटर-पेनड्राइव्ह हे सारे सोडवावे. डब्याच्या पुढील रीसेट बटणाची तारही काढावी. हे बटण आत अडकून बसले, तर संगणक सतत पुनःप्रारंभाच्या अवस्थेत राहतो. चित्र आले, तर एकेक भाग परत जोडत जावे. ज्या भागासरशी पडदा पुन्हा काळा होईल, तो दोषी.

मदरबोर्ड नुकताच बसवलेला असेल, तर त्याच्या खाली एखादा सुटा स्क्रू किंवा चुकीच्या जागी राहिलेला पितळी खुंट नाही ना, हे पाहावे. त्याने शॉर्ट सर्किट होते. जुन्या मदरबोर्डवरील कपॅसिटरांची माथी सपाट आहेत की फुगलेली, तेही निरखावे. साधारणतः १९९९ ते २००७ या काळात तयार झालेल्या असंख्य मदरबोर्डमध्ये आणि एसएमपीएसमध्ये सदोष द्रावणाचे कपॅसिटर वापरले गेले होते. ते फुगून फुटत असत. त्या काळातील एखादे यंत्र आजही वापरात असेल, तर ही शक्यता आधी तपासावी.

प्रोसेसर काढण्याची वेळ आलीच, तर ते काम अनुभवी हातांवर सोपवावे. इंटेलने २००४ पासून डेस्कटॉप प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरवरून मदरबोर्डवरील सॉकेटमध्ये नेल्या आणि एएमडीने २०२२ मध्ये एएम ५ सॉकेटपासून तोच मार्ग धरला. केसाएवढी एक पिन वाकली, तरी संगणक मुका होतो.

नव्याने जुळवलेल्या संगणकात सर्व भाग चांगले असूनही पडदा काळा राहण्याचे आणखी एक कारण असते. मदरबोर्ड जुन्या साठ्यातील आणि प्रोसेसर त्यानंतरच्या पिढीचा असेल, तर मदरबोर्डमधील बायोसला तो प्रोसेसर ओळखताच येत नाही. २०१८ मध्ये हा प्रश्न इतका वाढला, की एएमडीने बायोस अद्ययावत करण्यापुरता जुना प्रोसेसर ग्राहकांना तात्पुरता देण्याची सोय केली होती. आता काही मदरबोर्डवर प्रोसेसरविनाही पेनड्राइव्हवरून बायोस अद्ययावत करण्याचे बटण असते. हे काम चालू असताना वीज गेली, तर मात्र बायोस अर्धवट राहून धडधाकट मदरबोर्ड मुका होतो. भारनियमनाचा भाग असो वा नसो, यूपीएसशिवाय बायोसला हात लावू नये.

दुकानाची पायरी चढताना

या सर्व चाचण्यांनंतरही पडदा काळाच राहिला, तर मदरबोर्ड, प्रोसेसर किंवा एसएमपीएस यांचा दोष संभवतो आणि तो निश्चित करण्यासाठी पर्यायी भाग लावून पाहावे लागतात. ती सोय दुकानातच असते. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तशी दुकाने आता प्रत्येक शहरात आहेत. तेथे जाताना ग्राहकाने तयारीनिशी जावे.

केलेल्या चाचण्यांचा कागद सोबत न्यावा. ‘संगणक चालत नाही’ असे सांगण्याऐवजी ‘पंखे फिरतात, मॉनिटर दुसऱ्या यंत्रावर चालतो, रॅम काढल्यावर बीप वाजतात, कार्ड काढूनही चित्र नाही’ असे सांगितले, की निदान लवकर होते आणि अनावश्यक भाग माथी मारला जाण्याची शक्यता घटते. वॉरंटीची मुदत पाहावी. अनेक भागांना तीन किंवा अधिक वर्षांची वॉरंटी असते आणि ती दुकानाऐवजी उत्पादकाच्या सेवा केंद्रात मिळते. दुरुस्तीची पावती घ्यावी, तीत भागांचे क्रमांक लिहून घ्यावेत आणि बदललेला जुना भाग परत मागावा.

सर्वांत महत्त्वाचे, माहिती मोलाची असेल, तर हार्ड डिस्क किंवा एसएसडी काढून घरीच ठेवावी. स्वयंचाचणीतील दोष शोधण्यासाठी तिची गरज नसते. डिस्कविना सुरू झालेला संगणक ‘डिस्क सापडत नाही’ असा संदेश पडद्यावर दाखवतो. तो संदेश उमटणे हीच दुरुस्ती झाल्याची खूण. कुलूपबंद नसलेली डिस्क एका साध्या यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावून त्याच दिवशी फाइल उतरवूनही घेता येतात. म्हणजे प्रकल्प, हिशेब आणि छायाचित्रे यांच्यासाठी संगणक दुरुस्त होण्याची वाट पाहावी लागत नाही.

संगणक पुन्हा सुरू झाल्यावर पहिले काम एकच करावे. मोलाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती कपाटात ठेवावी. पुढच्या वेळी पडदा काळा झाला, तर प्रश्न केवळ यंत्राच्या दुरुस्तीचा असेल.